सावधपण आणि देवाची हाक

ख्रिस्ती मनुष्याने निर्णय घेताना सावधपणे पावले टाकावीत, की देवाची हाक ऐकून तत्काळ निघावे, असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. हा प्रश्न करणारा सावधपण एका पारड्यात घालतो आणि देवाकडील अवधान दुसऱ्या पारड्यात. एक जड झाले की दुसरे हलके होणारच, असे तो गृहीत धरतो. हे गृहीत कितपत खरे आहे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून करणे प्रामाणिकपणाचे होईल. धार जिल्ह्यातील बदनावरच्या परिसरात आम्ही काही काळ सेवेला होतो. माळव्याचा हा मुलूख पूर्वी धारच्या पवारांच्या संस्थानात मोडत असे. धार जिल्ह्यातील अनेक मजूर कुटुंबे शेतीचा हंगाम सरला की कामासाठी गुजरातेत जातात. अशाच एका कुटुंबाने एके संध्याकाळी आम्हांला विनंती केली, की आम्ही परत येईपर्यंत मुलीची येथे राहण्याची काही सोय करा, तिची शाळा बुडू नये. जागा, खर्च, कागदपत्रे, जबाबदारी ह्या सर्वांचा विचार करून आम्ही म्हणालो, “समितीपुढे ठेवतो, चार दिवसांनी या.” चार दिवसांनी कोणीही आले नाही. मुलगी आईबापांबरोबर निघून गेली होती.

आमची एकही शंका गैर नव्हती. मुलांच्या संरक्षणाचे कायदे आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. परंतु चार दिवसांची मुदत आमच्या सोयीची होती. त्यांना कधी निघायचे आहे, हे आम्ही विचारलेच नाही. त्याच रात्री मुख्याध्यापकांना भेटता आले असते, गावातील एखाद्या नातेवाइकाची चौकशी करता आली असती. आणि ह्या गोष्टीसाठी आम्ही प्रार्थना केली, ती मुलगी गेल्यानंतर.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात विवेक ह्या सद्गुणाची आठ अंगे सांगितली. त्यांत सावधपण आहे, दूरदृष्टी आहे. आणि त्याच मालिकेत दुसऱ्याकडून शिकून घेण्याची नम्रता हेही एक अंग आहे. म्हणजे सावध असणे आणि ऐकणे ही एकाच सद्गुणाची दोन अंगे होत. त्यांचे आणखी एक म्हणणे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विचार करणे व निवाडा करणे ह्या विवेकाच्या पायऱ्या खऱ्या, पण त्याचे मुख्य कार्य म्हणजे ठरलेले कृतीत आणण्याची आज्ञा देणे. जो विचार कृतीपर्यंत पोहोचतच नाही, तो पूर्ण विवेक नव्हे. मानवी विवेक अपुरा पडतो तेथे पवित्र आत्म्याचे सल्ल्याचे दान त्याला पूर्णत्वास नेते, असेही ते शिकवतात.

ह्याचे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आहे. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेले त्यांचे शारदासदन पुढे पुण्यास आले. अमेरिकेतील साहाय्यकांनी दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते आणि त्याची मुदत १८९८ मध्ये सरणार होती. हे ओळखून रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लावली, हेतू हा की पुढे संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे. हे शुद्ध सावधपण होते. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतः रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गमावली होती. मध्य प्रांतातील हाल कानी येताच, आहे तेवढेच सांभाळावे असे म्हणण्यास भरपूर सबब असतानाही, त्या तेथे गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. पुढे पुण्यात प्लेग पसरला. इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा आसरा मिळाला तो केडगावच्या त्याच जमिनीवर. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तेथे मुक्तिसदनाचा पाया घातला गेला. उत्पन्नासाठी राखलेली जमीन देवाने हाकेच्या वेळी मागितली, आणि ती देण्यास रमाबाई तयार होत्या.

ह्याच्या उलट, स्वतःच्या उतावळेपणाला देवाची वाणी म्हणण्याचा मोहही थोडा नाही. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा अंदाज घ्या, असे प्रभूनेच शिकवले आहे. क्रेत बेटाजवळ, समुद्रप्रवासाचा काळ उलटून गेला असता, पुढे जाऊ नका असे बजावणारा पौल आत्म्याच्या प्रेरणेने चालणारा प्रेषितच होता. पण त्याच प्रभूने भीतीने रुपये पुरून ठेवणाऱ्या दासाची गोष्टही सांगितली आहे. त्या दासाने काहीही गमावले नव्हते, तरी तो दोषी ठरला.

म्हणून मोठ्या निर्णयापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपण जपत आहोत ते आपल्या हाती सोपवलेले जीवन आहे, की केवळ आपली निश्चिंती? आपण थांबणार असू, तर कोणासाठी, किती दिवस, आणि त्या दिवसांत कोणाला काय विचारणार? आणि ज्याचे आयुष्य ह्या निर्णयावर अवलंबून आहे, त्याचे म्हणणे आपण ऐकले आहे काय? ह्यांची उत्तरे सभेच्या कार्यपत्रिकेत सापडणार नाहीत. ती गुडघ्यांवर बसून आणि माणसांच्या दारी जाऊनच मिळतात.

ती मुलगी पुन्हा शाळेत गेली किंवा नाही, हे आम्हांला कळले नाही. तेव्हापासून कोणी दाराशी आले, तर “केव्हा निघणार आहात?” हा प्रश्न आम्ही प्रथम विचारतो.