मृत्तिकेवांचून वनस्पति

झाड काय खातें, असें मुलानें विचारलें तर "माती" असें सांगून आपण मोकळे होतों. आम्हींही वर्गांत वर्षानुवर्षें तेंच सांगितलें. परंतु मातीचा कणही न वापरतां, केवळ पाण्यांत, आज भाजीपाला पिकवितात. या विद्येस हायड्रोपॉनिक्स म्हणतात. आपण तिला जलकृषि म्हणूं. तिचा इतिहास वाचतांना आमचें जुनें उत्तर आम्हांस सोडावें लागलें.

व्हान हेल्माँट या विद्वानानें भट्टींत वाळविलेल्या २०० रत्तल मातींत ५ रत्तल वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें व ५ वर्षें त्यास पाण्यावांचून कांहीं दिलें नाहीं. झाड १६९ रत्तलांवर गेलें. माती मात्र अवघी २ औंस घटली! तेव्हां झाड पाण्याचेंच बनतें, असा निष्कर्ष त्यानें काढला. हा वृत्तांत १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन गोष्टी नजरेआड झाल्या. एक, पानें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु घेतात. दुसरी, क्षुल्लक मानलेले ते २ औंस.

१६९९ मध्यें इंग्लंडांतील वुडवर्डनें पुदिना निरनिराळ्या पाण्यांत वाढविला. पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षां बागेची माती मिसळलेल्या पाण्यांत तो अधिक फोफावला. म्हणजे मातींतून पाण्यांत कांहीं तरी उतरत होतें. १८६० च्या सुमारास झाक्स व क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनीं त्याचा उलगडा केला: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, लोह इत्यादींचे क्षार पाण्यांत विरघळवून दिले कीं माती नसतांही झाड वाढतें. पुढें कॅलिफोर्नियांत गेरिक यांनीं अशा द्रावणावर टोमॅटोचे २५ फुटी वेल वाढविले. हायड्रोपॉनिक्स हें नांव १९३७ चें. आपल्या देशांतही १९४६ सालीं कालिंपाँगकडे शोल्टो डग्लस यांनीं खडी व वाळू यांवर हे प्रयोग केले. ती रीत 'बंगाल पद्धति' म्हणून ओळखली जाते.

ज्यांच्या बिऱ्हाडास अंगण नाहीं, त्यांनाही याची प्रचीति घेतां येईल. पाण्यांत ठेवून मुळें फुटलेल्या पुदिन्याच्या दोन काड्या दोन बरण्यांत बसवाव्या. एकींत नुसतें पाणी, दुसरींत सर्व क्षार असलेलें विद्राव्य खत, वेष्टनावरील प्रमाणांत. बरण्यांस काळा कागद गुंडाळावा, नाहीं तर उजेडानें शेवाळ धरतें. मुळांचा वरचा भाग हवेंत ठेवावा. मुळेंही श्वास घेतात. कांहीं आठवड्यांनीं दोहोंतील भेद मुलेंच आपणांस सांगतील.

मग माती निरुपयोगी ठरली काय? मुळींच नाहीं. मातींत एखादे दिवशीं पाणी चुकलें, खत थोडें अधिक पडलें, तरी ती सांभाळून घेते. जलकृषींत पंप बंद पडला किंवा क्षारांचें माप बिघडलें, कीं त्याचा भोग मुळांस लागलाच येतो. माती हें झाडाचें अन्न नव्हे. ती अन्नाचें कोठार आहे, आणि आमच्या चुका पोटांत घालणारी आहे. संस्कृतांत पृथ्वीला 'क्षमा' असें एक नांव आहे. त्या शब्दाचा अर्थ आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविला. त्याचें मर्म मात्र मातीवांचून वाढलेल्या रोपानें आम्हांस शिकविलें.