आंतरजालावरील जाहिरात : रक्कम ठरविण्यापूर्वी

आंतरजालावर जाहिरात द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या औषधालयचालकांपुढे आता फारसा उरलेला नाही. तीवर किती खर्चावे, हा आहे. बहुतेक ठिकाणी रक्कम आधी ठरते आणि हिशेब मागाहून मांडला जातो. वास्तविक क्रम उलट हवा.

उदाहरणादाखल धरू, की च्यवनप्राशाच्या एका ऑर्डरमागे सर्व खर्च वजा जाता 150 रुपये उरतात आणि जाहिरातीवर टिचकी मारणाऱ्या 50 जणांपैकी एकच खरेदी करतो. तर एका टिचकीस 3 रुपयांहून अधिक देणे परवडणार नाही. गूगलच्या लिलावात तिला 15 रुपये पडत असतील, तर एका ग्राहकापायी 750 रुपये जातील. तो ग्राहक पुनःपुन्हा येणारा असेल तरच हे शहाणपणाचे. आणि तो येतो की नाही, हे सांगेल आपली विक्रीची वही, गूगल नव्हे.

दैनिक मर्यादेविषयीही गैरसमज आढळतो. गूगल ॲड्समध्ये 300 रुपये लिहिले म्हणजे रोज तेवढेच जातात असे नव्हे. सर्वसाधारणपणे एखाद्या दिवशी दुप्पट, म्हणजे 600 रुपयेही जातात. महिन्याची आकारणी मात्र 30.4 पटीच्या, म्हणजे 9,120 रुपयांच्या आत राहते. त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर निराळा. नोंदणीकृत विक्रेत्यास त्याची वजावट मिळू शकते. रुग्णसेवा करमुक्त असल्याने वैद्यास तिच्यापुरती ती नाही. (वैद्याच्या जाहिरातीवर आचारसंहितेची बंधने आहेत, ती वेगळीच.)

गळती बहुधा शोधशब्दांतून होते. ‘च्यवनप्राश घरी कसा करावा’ असे विचारणारा किंवा बीएएमएस प्रवेशाची चौकशी करणारा आपला ग्राहक नव्हे, पण त्याच्या टिचकीचे पैसे आपणच भरतो. असे शब्द वर्ज्य यादीत घालावेत व दर आठवड्यास यादी वाढवावी. रक्कमही बारमाही सारखी नको. च्यवनप्राशाची हेमंत-शिशिरात वाढवून ग्रीष्मात आखडावी.

मधुमेहासारख्या शब्दांवर टिचक्या पुष्कळ मिळतात, म्हणून तेथे पैसा ओतण्याचा मोह होतो. परंतु औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 च्या परिशिष्टात मधुमेह आहे. तो बरा करण्याचा दावा छापील पानावर असो वा पडद्यावर, कायद्यास सारखाच. तेथील तरतूद शून्यच ठेवावी.