भूत कशामुळे झाले?

रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत त्या काळात, १९१५ साली, आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणातल्या लोकसमजुतींचा इंग्रजी खंड छापला. सामग्री मुळात ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली. नाशिकचे कलेक्टर असताना डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी ज्यांना गोळी घातली, तेच हे जॅक्सन. गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवायचे आणि आलेली उत्तरे त्या त्या गावाच्या नावासह नोंदवायची, अशी ही पद्धत होती. या खंडातली भुताखेतांची यादी आज वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. भूत दिसते कसे, यापेक्षा ते भूत कशामुळे झाले याची चौकशी तिथे जास्त आहे. मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपवणारा विधी, व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंज्या. मागे मूलबाळ नाही, क्रियाकर्म करायला कोणी नाही, तर समंध. बुडून मेला किंवा मारला गेला, तर गिऱ्हा. गेल्या शतकात आपल्या भुतांच्या ज्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यांनी नावे कायम राखली आणि रूपे वाढवली, पण हा कारणाचा रकाना जवळजवळ पुसून टाकला. माझ्या मते, जपण्याजोगा होता तो हाच रकाना.

त्या रकान्यात काय होते ते नीट पाहिले पाहिजे. बायकांची भुते घ्या. नवरा जिवंत असताना मेलेली ती जाखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणानंतर दहा दिवसांत किंवा विटाळशी असताना गेली तर हडळ. बाई मेल्यावरही तिची ओळख नवऱ्यावरून आणि विटाळावरून ठरत होती, हे कोणत्याही समाजसुधारकाच्या निबंधाइतक्याच स्पष्टपणे ही यादी सांगते. बाळंतिणीच्या मृत्यूला स्वतंत्र भूत लागावे, इतके ते मृत्यू नेहमीचे होते, हेही तिच्यातूनच कळते. मुरूड, श्रीवर्धन, अलिबागच्या किनाऱ्यावर बुडून मरणे ही होडीवर जाणाऱ्या प्रत्येक घराच्या माथ्यावरची टांगती तलवार होती. देह हाती लागला नाही तर अग्नी कोणाला देणार? गिऱ्हा पाण्यातच राहतो ही समजूत अशा किनाऱ्यावर किती सहज रुजली असेल, हे समजायला कठीण नाही. पुरुषांच्या भुतांची वाटणी तर सरळ जातीवर केलेली. विद्येचा गर्व झालेला ब्राह्मण ब्रह्मग्रह होतो, लग्न होऊन मेलेला शूद्र देवचार होतो, आणि खविसाच्या एका नोंदीत मुसलमान, महार आणि मांग एकाच ओळीत बसवलेले आहेत. गावकुसाबाहेरचा माणूस मेल्यावरही बाहेरच राहिला. हा खंड छापल्याला बारा वर्षे होत होती, तेव्हा याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावरून माणसांना हाकलणारी व्यवस्था आणि खविसाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता अलीकडची आवृत्ती. २०२४ साली आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला आणि कोकणातले हे भूत देशभर पोचले. चित्रपटाने मुंज ठेवली, झाड ठेवले, मुंजीनंतर लगेच आलेले मरणही ठेवले; त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र कथेचा जोर हट्टी पोराच्या लग्नाच्या वेडावर गेला. दोन संस्कारांच्या मधे अडकलेला, ना मूल राहिलेला ना गृहस्थ झालेला असा जीव मागे पडला आणि त्याच्या जागी संगणकावर घडवलेला खोडकर राक्षस पुढे आला. हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत १९७४ पासून खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या १९७७ च्या राक्षसग्रंथात आपला राक्षस आहे. डेव्ह ट्रॅम्पियर यांनी त्याला वाघाचे तोंड आणि हातात चिलीम दिली. मंतरलेल्या बाणाने तो मरतो हा नियम बराचसा १९७४ च्या एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेतून आलेला. २०१४ च्या आवृत्तीपर्यंत तो नरकातून निसटलेला सैतान झाला. पुलस्त्याचा वंश, तप, वर, वराचा माज, म्हणजे रामायणात राक्षसाला ज्यामुळे अर्थ येतो ते सगळे गळाले. वाघाचे तोंड मात्र प्रत्येक आवृत्तीत टिकले, कारण चित्र टिकवायला सोपे असते.

यावर कोणी म्हणेल की लोककथेला मूळ आवृत्ती नसतेच. हे खरे आहे. वेताळपंचविशीत प्रेतात शिरून राजाला कोडी घालणारा वेताळ गोव्यात आमोणे आणि लोलये येथे गावाचा राखणदार देव आहे. हा बदल एन्थोवेन यांच्या कितीतरी आधीचा, आणि त्यांची यादीसुद्धा एका परक्या अधिकाऱ्याने लावलेली मांडणीच. बदलाला माझा विरोध नाही. पण भूत देव झाले, तेव्हा राखण, सीमा, नवस अशी नवी कारणे त्याला चिकटली. गावाचे त्याच्याशी देणेघेणे राहिले. पडद्यावर आणि खेळाच्या पुस्तकात मात्र जुने कारण जाते आणि त्या जागी येते ती फक्त ताकद: किती उंच, किती चपळ, कशाने मरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या यादीने बायकांना झाडाला बांधून मार खायला लावला, भगताच्या हाती गावे दिली, तिची आठवण कशाला? महाराष्ट्राने २०१३ मध्ये, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा ठरवला. तो कायदा हवाच होता. पण भूत नाही हे पक्के झाल्यावरच या नोंदी न भिता वाचता येतात, आणि तेव्हा हडळ ही बाळंतिणींच्या मृत्यूची नोंद म्हणून दिसू लागते. मराठीत कोणी उद्या या भुतांवर खेळ रचला किंवा भयकथा लिहिली, तर खविसाची जुनी नोंद त्याला जशीच्या तशी छापता येणार नाही, छापूही नये. पण नुसते नाव उचलून त्याला शिंगे लावली, तर ती नोंद ज्यांनी सोसली ती माणसे दुसऱ्यांदा गावाबाहेर जातील. या माणसाला गावाने खवीस का ठरवले, हे त्या पानावर लिहिलेले मला हवे आहे, मग खेळणाऱ्याला ते कितीही अवघड वाटो.