जुम्मापट्टीचा दुसरा रूळ

सुट्टीत गोराई-बोरिवलीहून सहकुटुंब माथेरानला जाणारे आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. नेरळला छोट्या गाडीत बसले, की पहिले स्थानक जुम्मापट्टी. तेथे एका रुळाचे दोन होतात आणि पुढे पुन्हा एक होतात. वरून गाडी येणार असेल, तर ती शेजारून खाली जाईपर्यंत आपली गाडी थांबते. मुले कंटाळतात, मोठी माणसे घड्याळ पाहतात. वास्तविक साऱ्या मार्गाचा व्यवहार या थांब्यावर तोललेला आहे.

सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली या मार्गाचे काम आरंभिले आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर, आणि चढ काही ठिकाणी वीस फुटांस एक फूट. अशा डोंगरात सर्वत्र दुहेरी मार्ग घालणे परवडणारे नव्हते. मात्र मार्ग निव्वळ एकेरी ठेवला, तर एक गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत दुसरीने खालीच बसावे लागते. मधल्या स्थानकावर थोडी सपाट जागा साधून दुसरा रूळ टाकला, की त्याच मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या चालविता येतात.

एकेरी मार्गाचा सर्वसाधारण नियम हुंडीसारखा कडक असतो. त्या टप्प्याचा अधिकार एका वेळी एकाच गाडीकडे. तो हाती आल्यावाचून चालकाने पुढे जायचे नाही.

हिशेबनीसाच्या दृष्टीने हा दुसरा रूळ म्हणजे पडून राहिलेली मालमत्ता. दिवसाचा बहुतेक वेळ तो रिकामाच असतो. बँकेत चाळिशी घालविलेल्या माणसास मात्र तिजोरीतील राखीव रोकड आठवते. ती रोज व्याज मिळवीत नाही; पण ती नसेल, तर गर्दीच्या एका दिवशी पेढी कोसळते. गाडीस उशीर झाला, तर हाच रिकामा रूळ बाकीचे वेळापत्रक सावरतो.

वेल्समधील फेस्टिनिओग ही अशीच अरुंद रेल्वे १९४६ मध्ये बंद पडली. १९५४ पासून स्वयंसेवकांनी ती टप्प्याटप्प्याने पुन्हा उभी केली. आज तेथील टॅन-ई-बुल्च स्थानकावर गाड्या एकमेकींना वाट देतात.

आपल्या मार्गाने २००५ चा महापूर सोसला आणि तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात तो पुन्हा वाहून गेला. नेरळहून थेट गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये धावू लागली. माथेरानात खासगी मोटारींना बंदी असल्याने ही गाडी तेथे केवळ मौजेची वस्तू नाही. दुरुस्तीचा खर्च मोजताना मुख्य रुळासोबत बगलेचा रूळ आणि त्याचे सांधेही जपले पाहिजेत. काटकसरीची कात्री प्रथम अशाच रिकाम्या दिसणाऱ्या गोष्टींवर चालते.