होकायंत्राचे झाड

शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही मंडळी तुमच्या चांगल्या ओळखीची. त्यांच्याच कुळातला एक रानटी भाऊबंद अमेरिकेच्या मध्यभागी, इलिनॉय, आयोवा, मिसूरी या राज्यांकडे, 'प्रेअरी' नावाच्या गवताळ मुलखात वाढतो. तिकडे त्याला 'कंपास प्लँट', म्हणजे होकायंत्राचे झाड, म्हणतात. शास्त्रीय नाव सिल्फियम लॅसिनिएटम.

हे नाव पडले ते पानांवरून. बुडाशी असलेली त्याची मोठी, खोल कातरलेली पाने जमिनीवर पसरत नाहीत. ती उभी राहतात, आणि बहुतेकांच्या कडा उत्तर-दक्षिण धरून असतात. तुम्ही म्हणाल, यात चुंबकाची काही करामत असेल. तसे मुळीच नाही. हा सारा उन्हाचा हिशेब आहे. सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन पानाच्या सपाट अंगावर पडते. दुपारी सूर्य माथ्यावर आला की त्याला पानाची नुसती कड सापडते. पान फारसे तापत नाही, पाणी वाचते. मात्र या होकायंत्रावर फार विसंबू नका. एखादे पान हट्टी निघते, आणि सावलीतल्या झाडाला तर हा नेम नीट साधत नाही.

उन्हाळ्यात सहा ते दहा फूट उंच दांडा येतो व त्यावर पिवळी फुले लागतात. सूर्यफुलात बी धरते मधल्या तबकडीत. येथे ते कडेच्या पाकळ्यांपाशी धरते.

पण खरे झाड जमिनीखाली आहे. मूळ पंधरा फुटांपर्यंत खोल जाते. पहिली काही वर्षे झाड मुळाचीच बेगमी करते. फुलांची घाई नसते. मग वरचे गवत वणव्यात जळो की पाऊस दडी मारो, ते पुन्हा फुटते. असे झाड शंभर वर्षेही जगू शकते.

एवढ्या चिवट झाडाला भारी पडला तो नांगर. १८३७ मध्ये जॉन डियर याने इलिनॉयमध्ये पोलादी फाळाचा नांगर बनविला, आणि ती चिकट, मुळांनी विणलेली जमीन उलटू लागली. तेथे मका पिकला, गावे वसली, हे खरेच. पण आयोवात मूळच्या प्रेअरीचा हजारावा हिस्साही आज उरलेला नाही. झाड टिकले ते जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात, रेल्वेच्या कडेला.

विस्कॉन्सिनचे निसर्ग-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी अशाच एका दफनभूमीतले झाड कापले गेल्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांचे ते पुस्तक १९४९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्यांनी बी पेरून पाहिले. रोपे झटकन उगवली, पण पाच वर्षांनीही फुलाचा दांडा आला नव्हता.

आता अनेक ठिकाणी प्रेअरी पुन्हा पेरली जाते, आणि त्यात हे झाडही असते. बी मिळते, जमीनही मिळते. विकत मिळत नाहीत ती वर्षे. माळ नांगरायला एक दिवस पुरतो. पंधरा फूट मूळ एका दिवसात उतरत नाही.