घरी केफिर करताना: कोणती भांडी, कोणते विरजण आणि कोणी घेऊ नये

मे महिन्यातील गोष्ट. सक्करदऱ्यातील माझ्या दवाखान्यात गुडघेदुखीसाठी नेहमी येणाऱ्या एका काकूंनी तपासणी झाल्यावर पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत घट्टसर आंबलेले दूध आणि त्यात फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे पांढरट दाणे. पुण्याच्या सुनेने कुरिअरने पाठवलेले केफिरचे दाणे होते ते.

"डॉक्टरसाहेब, यांची केमोथेरपी सुरू आहे, जेवण जात नाही. हे पोटाला चांगलं असतं म्हणतात. देऊ का यांना?"

मी तीन गोष्टी विचारल्या. दूध कोणते? गवळ्याचे, न उकळलेले. कारण उकळल्यावर "ताकद जाते" असे कुणीतरी सांगितले होते. बरणी कुठे ठेवली होती? ओट्यावर, गॅसशेजारी, २४ तास. दाणे आले तेव्हा कसे होते? पाकीट फुगलेले होते, पण वास बरा होता.

काकांना हे देऊ नका, असे मी लगेच सांगितले. काकूंना स्वतःला मात्र केफिर घ्यायला हरकत नव्हती, फक्त ते नीट केलेले हवे. तुमच्याही घरी केफिर करायचा विचार असेल, तर खरेदीआधी हा लेख वाचून घ्या.

केफिर म्हणजे नेमके काय?

केफिर हे मूळचे कॉकेशस पर्वताच्या भागातील आंबवलेले दूध. आपल्या दह्यात प्रामुख्याने लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. केफिरमध्ये या जिवाणूंबरोबर यीस्टही असते. त्यामुळे ते पातळ, आंबट आणि किंचित फसफसणारे लागते. यीस्टमुळे त्यात थोडा वायू आणि अत्यल्प अल्कोहोलही तयार होते. जास्त वेळ आंबवले तर दोन्हीचे प्रमाण वाढते.

आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार केफिरच्या दर ग्रॅममध्ये किमान १ कोटी उपयुक्त सूक्ष्मजीव आणि १० हजार यीस्ट असावे लागतात. घरच्या बरणीत हे मोजता येत नाही. म्हणूनच घरी दूध, स्वच्छता आणि तापमान यांवर लक्ष ठेवावे लागते.

विरजण कोणते घ्यावे?

१. केफिरचे दाणे: हे धान्याचे दाणे नव्हेत. जिवाणू, यीस्ट, प्रथिने आणि एक चिकट शर्करा मिळून बनलेले हे मऊ गोळे असतात. गाळून घेतले की पुन्हा वापरता येतात आणि नीट सांभाळले तर वाढत राहतात. ओळखीच्या घरातून घ्यावेत आणि त्या घरी दूध उकळून वापरतात का, हे विचारावे. दाण्यांमध्ये वाईट जंतू शिरले, तर दाणे न मारता ते काढून टाकण्याचा घरगुती उपाय नाही.

२. पावडरचे विरजण: पाकिटातील कोरडे विरजण. त्यातून दाणे तयार होत नाहीत. तयार केफिरचा थोडा भाग पुढच्या दुधाला लावता येतो, पण काही वेळा लावल्यावर जोर कमी होतो आणि नवे पाकीट लागते. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, वापरण्याची शेवटची तारीख आणि साठवणुकीचे तापमान पाहावे. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी हाच पर्याय सुचवतो.

३. दही किंवा प्रोबायोटिक कॅप्सूल: यांनी दूध आंबेल, पण केफिर होणार नाही.

भर उन्हाळ्यात ओले दाणे कुरिअरने मागवू नयेत. गाडीत आणि गोदामात दोन-तीन दिवस तापलेले दाणे अशक्त होतात आणि नको ते जंतू वाढायला वाव मिळतो. फुगलेले, गळणारे किंवा घाण वासाचे पाकीट फेकून द्यावे. चांगले दाणे आले तरी पहिल्या दोन-तीन वेळचे केफिर पिऊ नये.

भांडी: बरेचसे घरातच असते

• रुंद तोंडाची काचेची बरणी, साधारण १ लिटरची.
• सुती कापड आणि रबरबँड, किंवा सैल बसवलेले झाकण. आंबताना वायू तयार होतो. झाकण घट्ट लावल्यास बरणी फुटू शकते.
• गाळणी. चांगल्या स्टीलची चालते. स्टीलने दाणे मरतात हा गैरसमज आहे.
• लाकडी, सिलिकॉनचा किंवा स्टीलचा चमचा.
• साधा थर्मामीटर. मिळाल्यास घ्यावा, खोली किती तापते ते कळते.

तांबे, कळकणारे पितळ आणि ॲल्युमिनियम वापरू नये. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्या सांगत. त्यामागे शास्त्र आहे: आंबट पदार्थातील आम्लामुळे धातू विरघळतो आणि पोटात गेल्यावर मळमळ, उलट्या होतात. केफिर दह्याइतकेच आंबट असते, म्हणून तोच नियम. लोणच्याची जुनी, तडे गेलेली चिनी मातीची बरणीही नको. तड्यांमध्ये जंतू राहतात आणि जुन्या झिलईत शिसे असू शकते.

बरणी, गाळणी, चमचा साबणाने धुऊन गरम पाण्याने विसळावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. महागडे यंत्र लागत नाही.

दूध उकळलेलेच हवे

कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, साल्मोनेला, लिस्टेरिया, तसेच जनावरांचा क्षयरोग माणसाला होऊ शकतो. दूध आंबले की त्यातील सगळे जंतू मरतात, असे अनेकांना वाटते. हे खरे नाही. काही जंतू आंबट दुधातही बराच काळ टिकतात. ब्रुसेलोसिसमध्ये आठवडेच्या आठवडे ताप, घाम, सांधेदुखी आणि कंबरदुखी राहते आणि निदान व्हायला वेळ लागतो.

गवळ्याचे दूध पूर्ण उकळावे, मग झाकून थंड करावे आणि साय काढावी. पिशवीतील दूध पाश्चराइज्ड असते, तरी आपल्याकडे वाहतुकीत ते तापते, म्हणून तेही उकळलेले बरे. "ताकद" जाण्याची चिंता करू नये. केफिरचे जिवाणू विरजणातून येतात, दुधातून नाही.

दूध हाताला कोमट लागत असेल तर अजून थांबा. दह्याला कोमट दूध लागते, केफिरला मात्र खोलीच्या तापमानाइतके थंड झालेले दूध लागते.

नागपूरच्या हवेत किती वेळ?

केफिरला २० ते २५ अंश तापमान मानवते. पाककृतींमधील "२४ तास" हे थंड स्वयंपाकघरांसाठी असतात. आपल्याकडे मेमध्ये बाहेर ४५ अंशांच्या आसपास असते, ओट्यावर ३५ च्या पुढे. अंदाज असा धरावा:

• हिवाळ्यात, खोली १८ ते २२ अंश: २४ ते ३६ तास.
• पावसाळा आणि ऑक्टोबर, २५ ते ३० अंश: १२ ते १८ तास.
• एप्रिल-मे, ३० च्या पुढे: ६ तासांनंतर दर दोन तासांनी पाहावे.

अर्धा लिटर दुधाला एरवी एक मोठा चमचा दाणे पुरतात. उन्हाळ्यात एक लहान चमचाच टाकावा. बरणी गॅसपासून लांब, कूलरच्या खोलीत ठेवावी. पाण्याच्या परातीत उभी करून भोवती ओले कापड गुंडाळले, तर माठासारखा गारवा मिळतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो, पावसाळ्याच्या दमट हवेत नाही. एवढे जमणार नसेल तर मे महिन्यात केफिर करूच नये. दाणे ताज्या उकळून गार केलेल्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि आठवड्याने दूध बदलावे.

बरणी हलवल्यावर दूध दाटसर दिसले की केफिर तयार. खाली निवळी आणि वर दही असे दोन थर झाले तर ते जास्त आंबले आहे, खराब झालेले नाही. गाळल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. दाणे नळाच्या किंवा गरम पाण्याने धुऊ नयेत, लगेच नव्या दुधात टाकावेत.

केव्हा फेकून द्यावे?

गुलाबी, नारिंगी, हिरवा, काळा डाग दिसला, कापसासारखी बुरशी आली किंवा सडका वास आला, तर दूध आणि दाणे दोन्ही टाकून द्यावे. वरचा भाग काढून खालचा वापरू नये. शंका असेल तर चव घेऊन पाहू नये.

कोणी घेऊ नये?

• केमोथेरपी सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, जास्त मात्रेत स्टेरॉइड घेणारे किंवा शरीरात दीर्घकाळासाठी नळी बसवलेले रुग्ण. अशांमध्ये निरुपद्रवी जिवाणू किंवा यीस्टही रक्तात शिरून गंभीर आजार करू शकतात.
• १ वर्षाखालील बाळे.
• दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेले.
• मद्यपान सोडलेले, तसेच मेट्रोनिडाझोल किंवा डायसल्फिराम घेणारे.

डॉक्टरांना विचारून घ्यावे:

• सिकलसेलचे रुग्ण. आपल्या विदर्भात त्यांची संख्या मोठी आहे. त्यांना साल्मोनेलाचा संसर्ग हाडांपर्यंत पोहोचण्याचा धोका जास्त असतो, म्हणून कच्चे दूध त्यांना कोणत्याही रूपात नको.
• मूत्रपिंडाचे रुग्ण. केफिरमधील पोटॅशियम आणि फॉस्फरस दुधाच्या हिशेबात धरावे लागतात.
• गर्भवती स्त्रिया. दूध उकळलेले असणे ही पहिली अट.
• मधुमेही. साखर, गूळ, मध न घालता, दुधाचा वाटा समजून घ्यावे. यामुळे गोळ्या कमी करू नयेत.

थायरॉइडची गोळी आणि केफिर यांत ४ तासांचे अंतर ठेवावे. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि लोहाच्या गोळ्याही दुधाच्या पदार्थांबरोबर घेऊ नयेत.

फायदा किती?

दूध पचत नाही अशा काही लोकांना केफिर सोसते, कारण त्यातील लॅक्टोज काही अंशी आधीच वापरले गेलेले असते. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा फायदा दिसला, पण त्यात फक्त १५ लोक होते. केफिरने मधुमेह, कर्करोग किंवा सांधेदुखी बरी होते याला पुरावा नाही. घरचे ताजे दही-ताक तुम्हाला मानवत असेल, तर केफिर घेतलेच पाहिजे असे नाही.

सुरुवात अर्ध्या वाटीने करावी. पहिले काही दिवस पोट थोडे फुगू शकते. केफिर घेतल्यावर ताप, रक्ताचे जुलाब, वारंवार उलट्या, लघवी कमी होणे यापैकी काही झाले तर ते बंद करून ओआरएस सुरू करावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप राहिला, तर कच्चे दूध प्यायलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदानाला मदत होते.

त्या काकूंनी बरणी घरी जाऊन रिकामी केली. काकांच्या कर्करोगतज्ज्ञांनी त्यांना पांढऱ्या पेशी वाढेपर्यंत ताजे, गरम, शिजवलेले अन्न घ्यायला सांगितले: मऊ खिचडी, वरण, उकडलेले अंडे. दिवाळीनंतर काकूंनी पावडरच्या विरजणाने, उकळलेल्या दुधाचे केफिर सुरू केले, फक्त स्वतःसाठी. घरात केमोथेरपीचा किंवा प्रत्यारोपणाचा रुग्ण असेल, तर तुमचीही बरणी वेगळी ठेवा, हात धुऊनच त्यांचे जेवण वाढा आणि त्यांना काहीही नवे देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.