पिल्लांची हगवण: दोष जिवाणूंचाच नसतो

डुकरीण व्याल्यावर पहिले काही दिवस पिल्ले ठणठणीत असतात. मग आठव्या-दहाव्या दिवशी पिवळसर, लोण्यासारखी हगवण लागते, वास आंबूस येतो, रक्त सहसा नसते. अँटिबायोटिक देऊनही ती हटत नसेल, तर आधी संशय घ्यावा तो सिस्टोआयसोस्पोरा सुइस या एकपेशीय परजीवीचा. तो लहान आतड्याच्या अस्तरात वाढतो, अस्तर झडते आणि प्यायलेले दूध अंगी लागत नाही. पिल्ले मरतात कमी, पण खुरटतात; एकाच वेतातली भावंडे लहानमोठी दिसू लागतात. मला हे नुकसान मरतुकीइतकेच गंभीर वाटते.

हगवणीमागे स्ट्राँगिलॉइड्स रॅन्सोमी हा बारीक जंतही असू शकतो. त्याच्या अळ्या थेट आईच्या चिकातून येतात, म्हणून जंतनाशक विण्याआधी आईलाच द्यावे लागते. मोठ्या गोल जंतांना मात्र इतक्या कोवळ्या पिल्लांत दोष देऊ नये. त्यांना पूर्ण वाढायला सहा-आठ आठवडे लागतात.

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या वाचकांना सल्ल्यासाठी लांब जायला नको. १९४८ सालचे पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे. आता ते नानाजी देशमुख विद्यापीठात येते. विष्ठेचे नमुने एकाच नव्हे, चार-पाच पिल्लांचे न्यावेत, कारण हगवण सुरू होताना सिस्टोआयसोस्पोराची अंडीसदृश पुटी अनेकदा दिसत नाही. या परजीवीवर टोल्ट्राझुरिल या औषधाचा एकच डोस जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यावा, तोही डॉक्टरांना विचारूनच. नेहमीच्या जंतुनाशकांना ही पुटी दाद देत नाही. विण्याची जागा खरवडून, उकळत्या पाण्याने वा वाफेने धुऊन पूर्ण कोरडी करावी.